जुन्या पिकअपचा न दिसणारा हप्ता

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजाराला सकाळी लवकर जावे. बाजाराच्या तोंडाशी पिकअप गाड्यांची रांग लागलेली दिसते. कोणी भाजीपाला आणलेला असतो, कोणी कोंबड्या, कोणी कपड्यांची गाठोडी, कोणी भांडी. हंगामात याच गाड्या कापूस घेऊन जिनिंगच्या दारात उभ्या असतात आणि उन्हाळ्यात विटा, रेती, लग्नाचे मंडप वाहतात. आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल या एका गाडीवर पेटते.

या गाड्यांपैकी बऱ्याच जुन्या असतात, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातून आलेल्या. कारण सरळ आहे. नवी पिकअप आज आठ ते दहा लाखांच्या घरात जाते. एवढी रक्कम कर्जाशिवाय उभी राहत नाही, आणि व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही असे अनेक घरांनी ठरवलेले असते. मग थोडी बचत, थोडे भावाकडून, थोडे बायकोच्या दागिन्यातून असे दोन-तीन लाख जमवून रोखीने जुनी गाडी घेतली जाते. गाडी दारात आली की सगळे म्हणतात, अल्हम्दुलिल्लाह, गाडी आपली झाली, कुणाचा हप्ता नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हप्ता असतो. फरक इतकाच की तो बँकेला देण्याऐवजी गाडीला द्यावा लागतो, आणि त्याची तारीख कुणी आधी सांगत नाही. जे घर हा हप्ता दर महिन्याला आपणहून बाजूला काढते, त्याच्याकडे जुनी गाडी वर्षानुवर्षे कमावते. जे काढत नाही, त्याच्या घरात क्लच गेला की मुलीची फी थांबते. आम्ही शिक्षक आहोत, त्यामुळे हे आम्हाला वर्गात बसून दिसते. गाडी गॅरेजात गेली की त्या घरातील मुलांची वह्या-पुस्तके आणि परीक्षेची फी लांबणीवर पडते. मोठा मुलगा दहावीत असला तर तो चार दिवस वडिलांसोबत गॅरेजात बसतो. म्हणून हा विषय नुसता मिस्त्रीचा नाही, सगळ्या घराचा आहे.

आपल्या रस्त्यांवर गाडी का थकते

आपल्याकडच्या जुन्या पिकअपमध्ये महिंद्राची बोलेरो पिकअप जास्त दिसते. तिच्या बहुतेक जुन्या गाड्यांत २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असते. त्याशिवाय टाटाची २०७ आणि १९८६ साली आलेली टाटा ४०७ अजून धावताना दिसतात. या मजबूत गाड्या आहेत. त्यांचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्रीही सापडतात. जुनी गाडी घ्यायचीच असेल तर ही मोठी सोय आहे.

पण आपला जिल्हा गाडीची परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यात चाक रुतले की क्लचचा जीव जातो. पुसदच्या बाजूला घाट आहेत, तिथे ब्रेक तापतात. वणीकडे कोळशाची आणि दगडाची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये बसते. कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू आणि धूळ यांचा थर जमतो.

या सगळ्यापेक्षा मोठे कारण म्हणजे जादा वजन. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन आणि भरलेले कमाल वजन लिहिलेले असते. दोन्हीतला फरक म्हणजे तिला किती माल भरता येतो ते. समजा तो दीड टन आहे आणि आपण अडीच टन भरला, तर एका फेरीचे भाडे थोडे जास्त मिळते, पण पाटे, टायर, क्लच, ब्रेक आणि डिफरन्शियल या पाचांवर एकाच वेळी भार येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. म्हणजे एका टनाला २२,००० रुपये. अनेक फेऱ्यांची जास्तीची कमाई एका नाक्यावर संपते.

कोणता भाग आधी बोलतो

गाडी सहसा अचानक बिघडत नाही. ती आधी आवाज देते, वास देते, धूर देते. पुढे दिलेले खर्च लहान शहरातील गॅरेजचे, चांगल्या प्रतीचा भाग आणि मजुरी धरून, अंदाजे आहेत. गाडीचे मॉडेल आणि गाव बदलले की आकडा बदलतो. पण लहान काम कोणते आणि मोठे कोणते हे त्यावरून समजेल.

क्लच. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, जळका वास येतो, गिअर टाकताना कचकच होते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलून घ्यावे, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि ती दोनदा का द्यायची? ७,००० ते १२,००० रुपये लागतात. चालवताना पाय सतत क्लचवर ठेवण्याची आणि चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरण्याची सवय सोडली तर हा खर्च बराच लांबतो. चढावर थांबायचे असेल तर हँडब्रेक लावावा.

पाटे. गाडी रिकामी असतानाही एका बाजूला झुकलेली दिसते, खड्ड्यात खडखड वाजते, टायर एकाच कडेने झिजतो. मुख्य पाटा तुटला असेल तर २,००० ते ४,००० रुपयांत काम होते. तसेच चालवत राहिले तर यू बोल्ट आणि बुश जातात, टायरही वाया जातो.

प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस. गाडी सुटताना खालून 'कट' असा आवाज येतो आणि वेगात गाडी थरथरते. एक क्रॉस बदलायला १,००० ते २,००० रुपये. पण रस्त्यावर तुटला तर शाफ्ट खाली पडून अपघात होऊ शकतो. मागून वेगानुसार घूं घूं आवाज येत असेल तर तो डिफरन्शियलचा असण्याची शक्यता जास्त. त्यातले ऑइल कमी झाले म्हणून काही शे रुपयांचे ऑइल टाकले नाही, तर क्राऊन-पिनियनचे काम २०,००० च्या पुढे जाते.

ब्रेक. पेडल खाली जाते, दोनदा मारल्यावर पकडते, गाडी एका बाजूला ओढते, चाकाच्या आतून ओल दिसते. पुढचे पॅड, मागचे लायनर आणि व्हील सिलिंडर मिळून ५,००० ते ९,००० रुपये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेकच्या कामात उधारी, दिरंगाई किंवा स्वस्त माल यापैकी काहीही चालत नाही. इथे पैशापेक्षा जीव मोठा आहे.

इंजिन थंड ठेवणारे भाग. जुन्या पिकअपची सर्वात महाग चूक इथे होते. रेडिएटरचा रबरी पाइप ३०० ते ८०० रुपयांचा असतो आणि वॉटर पंप बसवून २,००० ते ४,००० चा. तो फुटला किंवा गळला आणि काटा लाल रेषेकडे गेला, तरी 'आता पाचच किलोमीटर राहिले' म्हणून गाडी हाकली, तर हेड वाकते किंवा हेड गॅस्केट जाते. मग १२,००० ते २५,००० रुपये. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, पाणी वारंवार कमी होणे, इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखे दिसणे या गॅस्केटच्या खुणा आहेत. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते. बोअरचे जड पाणी टाकत राहिल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. कूलंट वापरावे, ते महाग वाटले तरी स्वस्त पडते. कापसाच्या हंगामात दर आठवड्याला रेडिएटरची जाळी बाहेरून साफ करावी.

डिझेल पंप आणि नोझल. काळा धूर निघतो, ॲव्हरेज पडते, सकाळी गाडी उशिरा सुरू होते. सर्वप्रथम हवेचा आणि डिझेलचा फिल्टर पाहावा, पुष्कळदा काम तिथेच होते. जुन्या पद्धतीचा पंप असलेल्या गाडीचे काम साध्या पंपवाल्याकडे होते. कॉमन रेल गाडीत डिझेलचा दाब फार मोठा असतो, तिथे टेस्टिंग मशीन असलेल्या दुकानातच जावे. एका नोझलच्या दुरुस्तीला ३,००० ते ६,००० रुपये, नवे घेतले तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि नोझल चार असतात. रस्त्याकडेच्या कॅनमधले डिझेल घेऊन लिटरमागे जे दोन-चार रुपये वाचतात, ते इथे परत जातात. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी पावसाळ्यात अधूनमधून काढून टाकावे.

टर्बो आणि इंजिन. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. ते टर्बोतून येते की रिंग-पिस्टनमधून, हे मिस्त्रीकडून नीट तपासून घ्यावे, कारण टर्बोचे काम १५,००० ते ३०,००० चे आणि पूर्ण इंजिनचे ७०,००० ते १,१०,००० चे. गाडी सुरू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. तिथून भकाभका धूर येत असेल तर आत झीज झाली आहे. टर्बो असलेली गाडी दूरवरून ओढून आणल्यावर लगेच बंद करू नये, एक-दोन मिनिटे थंड आवाजात चालू ठेवावी.

वीज. सेल्फ आणि अल्टरनेटरचे काम १,५०० ते ४,००० मध्ये होते, बॅटरी ६,००० ते ८,००० ची. जुन्या गाडीत बाहेरून जोडलेल्या वायरी तेवढ्या काढून टाकाव्यात. कापूस भरलेल्या गाडीला एक ठिणगी पुरे होते.

घरातला हिशेब

आता मूळ मुद्दा. समजा गाडी रोज १०० किलोमीटर चालते आणि महिन्यात २२ दिवस काम मिळते. म्हणजे महिन्याला २,२०० किलोमीटर. प्रत्येक किलोमीटरमागे ३ रुपये गाडीसाठी वेगळे काढले, तर रोजचे ३००, महिन्याचे ६,६०० आणि वर्षाचे ७९,२०० रुपये होतात.

यातून एका वर्षात काय भागते ते पाहू. चार टायर २४,०००, क्लच ९,०००, बॅटरी ७,०००, ब्रेक ६,०००, पाटे आणि क्रॉस ६,०००, ऑइल-फिल्टरची चार वेळची सर्व्हिस १४,०००. एकूण ६६,००० रुपये. हे सगळे दर वर्षी एकदम येणार नाही, पण एक आले नाही तर दुसरे येते. शिल्लक राहिले १३,२००. विमा, फिटनेस आणि टॅक्स यांची रक्कम याहून वेगळी धरावी.

हा हिशेब एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोजचे ३०० रुपये किरकोळ आणि मध्यम कामे पेलतात. पण इंजिनचे ८०,००० या शिलकीतून जमवायला सहा वर्षे लागतील. म्हणून इंजिनचा प्रश्न गाडी घेतानाच सोडवायचा असतो. अडीच लाखांना मिळणारी निळ्या धुराची गाडी आणि सव्वातीन लाखांना मिळणारी स्वच्छ गाडी यांत दुसरी स्वस्त आहे. पहिलीत इंजिनचा खर्च घातला की किंमत तिथेच पोहोचते, आणि कामाचे पंधरा-वीस दिवस बुडतात ते वेगळे.

आमच्या घरी थोरल्या भाईजानांची पिकअप आहे आणि तिची वही भाभीजान ठेवतात. एका पानावर रोजचे किलोमीटर आणि डब्यात टाकलेले पैसे, समोरच्या पानावर तारीख, बदललेला भाग, खर्च आणि त्या वेळचे मीटर. डबा वेगळा, किल्ली भाभीजानांकडे. ईदचे कपडे असोत की पाहुणे, त्या डब्याला हात लागत नाही, कारण ती गाडीची अमानत आहे. वहीचा आणखी एक फायदा आम्ही पाहिला. ॲव्हरेज लिटरमागे दोन किलोमीटरने कमी झाले की वहीत आधी दिसते, धूर नंतर दिसतो. गाडी पुरुष चालवतो, पण तिचा हिशेब घरातल्या बाईने किंवा शिकणाऱ्या मुलीने ठेवला तर तो जास्त काटेकोर राहतो असा आमचा अनुभव आहे.

दुरुस्तीची वेळही ठरवून घ्यावी. श्रावणाच्या सुमारास भाडी कमी असतात. क्लच, ब्रेक, रेडिएटर यांची कामे तेव्हाच उरकून दसऱ्याच्या आधी गाडी तयार ठेवावी. कापसाच्या हंगामात गाडी आठ दिवस उभी राहिली, तर भागाच्या किमतीपेक्षा बुडालेली भाडी जास्त होतात.

मिस्त्री आणि व्यवहार

चांगला मिस्त्री घरच्या डॉक्टरासारखा असतो. तो दर वेळी बदलू नये. पण व्यवहार स्पष्ट ठेवावा. काम सुरू होण्याआधी भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. मधेच नवे काम निघाले तर फोन करून विचारावे असे सांगून ठेवावे. काढलेला जुना भाग आणि नव्या भागाचा खोका परत मागावा. यात अविश्वास नाही, उलट यामुळे दोघांचे संबंध टिकतात. ब्रेक, क्लच, बेअरिंग आणि फिल्टर यांत नकली माल घेऊ नये. दरवाजा, बंपर, आरसा असे भाग भंगार बाजारातून घेतले तरी चालतात. आणि मिस्त्रीचे पैसे काम झाल्याच दिवशी द्यावेत. तोही रोज कमावून रोज खाणारा माणूस आहे.

घेताना आणि विकताना

गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे की इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन खरे बोलते. त्या वेळी धूर पाहावा, ऑइल पाहावे, मग वजन भरून चढावर चालवून पाहावी. इंजिन नुकतेच धुऊन चकचकीत केलेले असेल तर गळती दिसत नाही. चेसीवर ताजा रंग असेल तर त्याखाली वेल्डिंग आहे का, हे आपल्या मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

कागदपत्रांत आरसीवरील चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवावा. गाडीवर फायनान्स असेल तर कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, सोबत विमा, पीयूसी, टॅक्स आणि फिटनेस पाहावे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. पंधरा वर्षांनंतर त्याची फी बरीच वाढते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्याचे हे एक कारण आहे. आणि पैसे दिल्यावर गाडी आपल्या नावावर व्हायला उशीर करू नये.

आपण विकणारे असू तेव्हाही हीच यादी समोर ठेवावी. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले निघाले, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरून कोरडे आणि आत ओले असे विकणे त्यांना मान्य नव्हते. धूर दिसू नये म्हणून इंजिनात जाड ऑइल घालून गाडी दाखवणे हे तेच ओले धान्य आहे. घेणाराही कुणाचा तरी बाप असतो, त्याच्याही घरी फी भरायची असते. दोष सांगून दहा-वीस हजार कमी घेतले तर त्या कमाईत बरकत राहते.

गाडी कधी सोडावी

जुन्या गाडीवर जीव जडतो. पण तीन वेळी तिला निरोप द्यावा. चेसीला तडा गेला असेल किंवा ती गंजून पातळ झाली असेल तेव्हा. इंजिनचा खर्च, गाडी दुरुस्त झाल्यावर जी किंमत येईल तिच्या अर्ध्यापेक्षा जास्त होत असेल तेव्हा. आणि वहीप्रमाणे सलग दोन वर्षे डब्यातल्या पैशापेक्षा खर्च जास्त झाला असेल तेव्हा. हा निर्णय रस्त्यावर गाडी बंद पडलेली असताना, संतापात किंवा उधारीच्या दडपणाखाली घेऊ नये. वही उघडून, घरातील सर्वांना बसवून घ्यावा.

ज्या घरी आज जुनी पिकअप उभी आहे, त्यांनी या आठवड्यात तीन कामे करावीत. शंभर पानी वही आणावी, एक डबा वेगळा ठेवावा, आणि रविवारी सकाळी थंड इंजिनचे ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि टायरची हवा मुलांना सोबत घेऊन तपासावी. याला अर्धा तास लागतो. ज्या गाडीवर आपले घर चालते तिच्याविषयी मुलांनाही माहिती असली पाहिजे. आणि डब्यातले पैसे वेळेवर गाडीच्या कामी आले, तर शाळेची फीही वेळेवर भरली जाईल, इन्शाअल्लाह.